काळे पट्टे आणि चित्राची चौकट



साहित्याच्या व्यासपीठावरून टीव्हीच्या पडद्यावरच्या काळ्या पट्ट्यांबद्दल बोलायचं, याचं काहींना नवल वाटलं असेल. संयोजकांनाही सुरुवातीला वाटलं होतं. पण घरात मोठा टीव्ही आला की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न निघतो. एखादा सिनेमा लावला की वर आणि खाली काळे पट्टे दिसतात, एखादा जुना मराठी चित्रपट लावला की डावीकडे आणि उजवीकडे दिसतात. "एवढा मोठा टीव्ही घेतला तो हे काळं बघायला का?" असं आजोबा विचारतात. नातू रिमोट घेतो, दोन बटणं दाबतो, पट्टे जातात आणि सगळ्यांचं समाधान होतं. त्या दोन बटणांनी नेमकं काय झालं, हा आजचा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ते काळे पट्टे म्हणजे टीव्हीतला दोष नव्हे. चित्र पूर्ण आहे, याची ती खूण आहे. पट्टे घालवायचे तर चित्र कापावं लागतं किंवा ताणावं लागतं, तिसरा मार्ग नाही.

चौकट आली कुठून?

चित्रपटाची चौकट म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी असलेलं प्रमाण. चित्र चार हात रुंद आणि तीन हात उंच असेल तर प्रमाण ४:३, म्हणजे भागाकार करून १.३३. हा आकडा जितका मोठा तितकं चित्र आडवं. आजचं सगळं गणित एवढंच आहे.

४:३ हे प्रमाण कुणा कलावंताने विचार करून निवडलेलं नाही. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा सहकारी हलत्या चित्रांवर काम करत होता. ईस्टमन कंपनीची सत्तर मिलिमीटरची फिल्म उभी चिरून त्याने पस्तीस मिलिमीटरची पट्टी केली. दोन्ही कडांना दात अडकवण्यासाठी भोकं पाडली आणि चार भोकांच्या उंचीत एक चित्र बसवलं. मधली मोकळी जागा साधारण एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच निघाली. १८९० च्या दशकात कारखान्यातल्या सोयीने ठरलेलं हे माप पुढे जगभर पसरलं.

याच मापाची फिल्म वापरून दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. तो १९१३ मध्ये मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. फाळके आपल्या याच शहरातल्या कलाभवनात शिकलेले. राजा रविवर्म्यांची चित्रं सयाजीराव महाराजांनी याच शहरात करवून घेतली आणि पुढे फाळक्यांनी रविवर्म्यांच्या लोणावळ्याच्या छापखान्याशी संबंधित काम केलं. चित्र म्हणजे चारी बाजूंनी मर्यादा घातलेली जागा आणि त्या मर्यादेच्या आत कुठे काय ठेवायचं हे ठरवणारा तो चित्रकार, हा धडा फाळक्यांना सिनेमात येण्याआधीच मिळालेला होता. लक्ष्मी विलास राजवाड्यातली एखादी भिंत चित्रापेक्षा रुंद आहे म्हणून रविवर्म्यांच्या कापडाचा वरचा हातभर भाग कुणी कातरून टाकत नाही. भिंत उरते ती उरते.

बोलपट आले आणि फिल्मच्या एका कडेला ध्वनीसाठी पट्टा सोडावा लागला. चित्राची रुंदी घटली आणि ते जवळजवळ चौरस झालं. लोकांना ते बरं दिसेना. मग १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने वरून आणि खालून थोडं कमी करून १.३७ हे प्रमाण ठरवलं. त्याच १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. प्रभातचे सगळे गाजलेले चित्रपट या जुन्या, उंच वाटणाऱ्या चौकटीतले आहेत. १९३६ चा 'संत तुकाराम' त्यातलाच. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आणि सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' याच चौकटीतले. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी सिनेमा म्हणून जे पाहिलं ते या आकाराचं होतं.

सिनेमा आडवा का झाला?

घरगुती टीव्ही आला तेव्हा त्याच्या काचेला सिनेमाचाच आकार दिला गेला, ४:३. सिनेमा घरात दाखवता यावा म्हणून हे सोयीचं होतं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टीव्ही घराघरांत शिरला आणि थिएटरं ओस पडू लागली. घरच्या पेटीत मिळत नाही असं काहीतरी दाखवल्याशिवाय प्रेक्षक घराबाहेर पडणार नव्हता. आकार बदलणं हा एक उपाय होता.

१९५२ मध्ये सिनेरामा आला. तीन कॅमेरे, तीन प्रोजेक्टर आणि प्रेक्षकाला कवेत घेणारा वळलेला पडदा. तो फार खर्चिक होता. १९५३ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सिनेमास्कोप आणला, पहिला चित्रपट 'द रोब'. त्यामागचं भिंग फ्रेंच संशोधक आँरी क्रेतियाँ यांनी १९२० च्या दशकातच तयार केलं होतं. चित्रीकरणाच्या वेळी हे भिंग दृश्य दोन्ही बाजूंनी दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवतं. नुसत्या डोळ्यांनी ती फिल्म पाहिली तर माणसं काडीसारखी उंच आणि किडकिडीत दिसतात. थिएटरात प्रोजेक्टरवरचं भिंग तेवढंच उलट ताणतं आणि चित्र मूळच्यासारखं, पण खूप रुंद होऊन पडद्यावर येतं. हे प्रमाण सुरुवातीला २.५५ होतं, पुढे २.३५ झालं आणि आता २.३९ धरतात. ज्यांना एवढी रुंदी नको होती त्यांनी साध्याच फिल्मवर चित्र घेऊन वरचा आणि खालचा भाग झाकून १.८५ ची मध्यम चौकट स्वीकारली.

एक योगायोग पाहा. ज्या १९५३ मध्ये तिकडे 'द रोब' आला, त्याच १९५३ मध्ये आपल्याकडे 'श्यामची आई' आला आणि पुढल्या वर्षी त्याने पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं. आईची भूमिका ग्वाल्हेरशी आयुष्यभर नातं असलेल्या वनमालाबाईंनी केली होती. चित्रपटाचा आकार बदलू लागला त्या उंबरठ्यावरचा हा आपला चित्रपट.

भारतात सिनेमास्कोप आणला गुरुदत्तांनी, १९५९ च्या 'कागज़ के फूल'मध्ये. गुरुदत्तांची सिनेमातली उमेदवारी पुण्याला प्रभातमध्येच झाली होती. छायालेखक होते व्ही. के. मूर्ती. त्या चित्रपटातलं रिकाम्या स्टुडिओतलं दृश्य पुष्कळांना आठवत असेल. गुरुदत्त आणि वहिदा रेहमान एकमेकांपासून दूर उभी आहेत आणि मध्ये वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आहे. त्या दोघांमधलं अंतर हाच त्या दृश्याचा विषय. दोघंही एकाच वेळी दिसावीत आणि तरीही त्यांच्यातली पोकळी जाणवावी, हे मूर्तींना साधलं ते आडव्या चौकटीमुळे.

१९७५ चा 'शोले' हे आणखी वेगळं उदाहरण. सत्तर मिलिमीटरचे कॅमेरे परवडण्यासारखे नव्हते म्हणून तो पस्तीस मिलिमीटरवर चित्रित झाला. नंतर सत्तर मिलिमीटरवर मोठा करून २.२ च्या प्रमाणात दाखवला गेला. पुढे वर्षानुवर्षं तो घराघरांत वेगवेगळ्या आकारांत पाहिला गेला. २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो पुन्हा सिद्ध केला तेव्हा २.२ ची चौकट त्याला परत मिळाली. एवढ्या परिचयाच्या चित्रपटाची चौकट शोधून परत आणावी लागते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आडवं चित्र उभ्या पेटीत

आता पेच असा झाला की सिनेमा टीव्हीपासून लांब पळाला, पण काही वर्षांनी त्याला टीव्हीवरच यावं लागलं. २.३५ चं चित्र १.३३ च्या काचेत कसं बसवायचं?

बहुतेकांनी कडा कापल्या. उंची पूर्ण भरायची म्हटली की रुंदीतला जवळजवळ त्रेचाळीस टक्के भाग बाहेर जातो. मग कुणीतरी टेबलाशी बसून ठरवायचं की या क्षणी डावीकडचं दाखवू की उजवीकडचं. दोन माणसं दोन टोकांना बसून बोलत असतील तर कधी याला दाखवायचं, कधी त्याला, किंवा चित्र कृत्रिमपणे या टोकाकडून त्या टोकाकडे सरकवायचं. दिग्दर्शकाने ऐकणाऱ्याचा चेहरा बोलणाऱ्याइतकाच महत्त्वाचा मानलेला असायचा आणि तो चेहराच नाहीसा व्हायचा. 'कागज़ के फूल'मधल्या त्या दृश्याला असं कापलं तर एका वेळी एकच माणूस उरतो, आणि ज्या अंतरासाठी दृश्य रचलं ते अंतरच जातं. व्हिडिओ कॅसेटच्या काळात एक गंमत असायची. नावं पूर्ण वाचता यावीत म्हणून श्रेयनामावली पट्ट्यांसह दाखवायची, आणि कथा सुरू झाली की चित्र फुगवून कडा कापायच्या. म्हणजे अक्षरं कापलेली चालत नव्हती, माणसं कापलेली चालत होती.

याविरुद्ध काही दिग्दर्शकांनी हट्ट धरला. वुडी ॲलन यांच्या १९७९ च्या 'मॅनहटन'ची व्हिडिओ कॅसेट त्यांच्या आग्रहामुळे पूर्ण रुंदीत, वर आणि खाली पट्टे ठेवून निघाली. टपालपेटीच्या फटीसारखं चित्र दिसतं म्हणून या पद्धतीला लेटरबॉक्स म्हणू लागले. पट्ट्यांची सुरुवात अशी झाली. चित्र पूर्ण दिसावं म्हणून मुद्दाम पत्करलेली ती रिकामी जागा होती.

सोळा-नऊ हा कुणाचा आकार?

आता तुमच्या भिंतीवर आहे तो टीव्ही १६:९, म्हणजे १.७८ चा. हा आकार जुन्या सिनेमाचा नाही आणि सिनेमास्कोपचाही नाही. मग आला कुठून?

१९८० च्या दशकात नव्या टीव्हीसाठी प्रमाण ठरवायचं होतं तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने एक साधा प्रयोग केला. प्रचलित प्रमाणांचे, पण सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि सगळ्यांचे मध्यबिंदू जुळवून ते एकमेकांवर ठेवले. त्या सगळ्यांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समाईक असणारा आतला आयत, दोन्ही १.७७ च्या आसपास निघाले. गणितात रस असणाऱ्यांसाठी सांगतो, १.३३ आणि २.३५ यांचा हा भूमितीय मध्य आहे.

घरात दोन भाऊ वाटणीला बसले आणि तिसऱ्याने मधली रेघ ओढली, तशी ही रेघ आहे. दोघांचंही नुकसान सारखं. तुमचा टीव्ही ४३ इंचाचा असेल तर त्याची काच साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असते. त्यावर २.३९ चा चित्रपट लावला तर वर आणि खाली प्रत्येकी सुमारे पावणेतीन इंच काळं राहतं. ४:३ चं चित्र लावलं तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे पावणेपाच इंच काळं राहतं. दोन्ही वेळा पडद्याचा साधारण पाव भाग रिकामा. १.८५ चा चित्रपट लावला तर वर आणि खाली जेमतेम अर्ध्या इंचाहून कमी अशी रेघ उरते. काही मालिका आणि कार्यक्रम मुळातच १६:९ मध्ये चित्रित होतात, ते काठोकाठ बसतात. म्हणजे पट्टे कधी असतात आणि कधी नसतात याचं कारण चित्रात आहे. टीव्ही नीट चालतो आहे.

"पैसे पूर्ण पडद्याचे दिले"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. कष्टाच्या पैशाने वस्तू घेतली, तिचा पाव भाग वापरात नाही असं दिसलं तर वाईट वाटणारच. त्या पाव भागाची किंमत चुकवायची तर काय करावं लागतं, ते पाहू.

रिमोटवर दोन उपाय असतात. पहिला ताणण्याचा. टीव्हीच्या यादीत त्याला बहुधा 'फुल', 'वाइड' किंवा नुसतं '१६:९' म्हणतात. ४:३ चं चित्र असं ताणलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. उंची तेवढीच. चंद्र अंड्यासारखा दिसतो. बैलगाडीचं चाक चपटं होतं. 'संत तुकाराम'मधल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा ओळखीचा राहत नाही. तुकोबांची भूमिका त्या माणसाने अंगात मुरवली होती, पण आपण पाहतो तो एक जाडजूड अनोळखी गृहस्थ. याची डोळ्यांना सवय होते, हे अधिक वाईट. घरातल्या मुलांनी पागनीस पहिल्यांदा असेच पाहिले तर त्यांच्या लेखी पागनीस असेच.

दुसरा उपाय 'झूम'चा. चित्राचं प्रमाण बिघडत नाही, पण ४:३ चं चित्र काठोकाठ भरेपर्यंत मोठं केलं की वरून आणि खालून मिळून पाव भाग जातो. म्हणजे पट्ट्यांचा पाव भाग वाचवण्यासाठी चित्राचा पाव भाग दिला. वाचवला तो काळा, दिला तो जिवंत. जवळून घेतलेल्या चेहऱ्यांची कपाळं जातात, आवलीच्या कपाळावरचं कुंकू जातं. कीर्तनात जमिनीवर बसलेल्या माणसांची पुढची रांग जाते. 'संत तुकाराम'चा शेवट आठवा. तुकोबा सदेह वैकुंठाला निघतात, विमान वर चढतं आणि खालची माणसं वर पाहत राहतात. या दृश्याची सगळी गती उभी आहे. त्याच चित्राचा माथा आणि पाया कापायचा म्हणजे आकाशही कमी करायचं आणि जमीनही. अगदी आरंभी येणाऱ्या प्रभातच्या बोधचिन्हालाही तेच लागू. तुतारी फुंकणाऱ्या त्या स्त्रीभोवतीची मोकळी जागा गेली की पहाटेची ती उसंतही जाते.

आडव्या चित्रपटाला झूम केलं तर डाव्या आणि उजव्या कडांचा मिळून पाव भाग जातो. हिशोब दोन्हीकडे तोच.

चौकटही बोलते

कुणी म्हणेल, गोष्ट तर समजते ना? पाव भाग गेल्याने कथानक थोडंच बदलतं? कधी कधी खरंच बदलतं. अमेरिकेतल्या 'द सिम्पसन्स' या व्यंगचित्र मालिकेचे जुने भाग २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आले तेव्हा पडदा भरावा म्हणून वरून आणि खालून कापले होते. एका भागात बिअरच्या कारखान्यात वेगवेगळ्या नावांच्या तीन बिअर एकाच नळातून येतात, असा विनोद आहे. वरचा भाग कापला तेव्हा तो नळच गेला आणि विनोद उरला नाही. प्रेक्षकांनी तक्रार केली आणि २०२० मध्ये मूळ आकारात पाहण्याची सोय करावी लागली. 'साइनफेल्ड' या मालिकेतला एक भाग रस्त्यातल्या खड्ड्यावर आहे. नेटफ्लिक्सवर रुंद करून दाखवलेल्या त्या भागात एका दृश्यात खुद्द खड्डाच चौकटीबाहेर गेला. तक्रार केली की ऐकलं जातं, हेही यातून लक्षात घ्यावं.

पण विनोद आणि खड्डे सोडा. चौकट अनेकदा गोष्टीचं अंग असते. २०१३ चा पोलिश चित्रपट 'इडा' मुद्दाम जुन्या १.३७ च्या चौकटीत केला आहे. त्यात माणसं वारंवार चित्राच्या तळाशी दिसतात आणि डोक्यावर मोठी रिकामी जागा असते. मठातल्या मुलीवर काहीतरी ओझं आहे की वर कुणी आहे, हे ती जागा विचारत राहते. वेस अँडरसन यांच्या २०१४ च्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मध्ये काळ बदलला की चौकटही बदलते. १९३० च्या दशकातला भाग त्या काळच्या चौकटीत, १९६० च्या दशकातला सिनेमास्कोपसारख्या चौकटीत. त्याच वर्षीच्या 'मॉमी' या कॅनडातल्या चित्रपटाची चौकट चक्क चौरस आहे. एका सुखाच्या क्षणी त्यातला मुलगा दोन्ही हातांनी चौकटीच्या कडा ढकलतो आणि पडदा रुंद होतो. ज्याने आधीच झूम केलं आहे त्याला हा क्षण कळणारच नाही. कोंडलेपण दिसलंच नाही तर सुटका कशी दिसेल?

आपण साहित्याची माणसं आहोत म्हणून हे आपल्या भाषेत सांगतो. ओवी साडेतीन चरणांची असते. चौथा चरण आखूड राहतो, कागदावर उजवीकडे जागा रिकामी राहते. ही जागा वाया गेली म्हणून कुणी चरणात दोन शब्द घुसडत नाही. अभंगाच्या ओळी छोट्या, पान रुंद, तरी प्रकाशक त्या गद्यासारख्या काठोकाठ छापत नाही. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरं अरुंद स्तंभात बसत नाहीत म्हणून शेवटची चार अक्षरं कुणी गाळत नाही, ओळ मोडून खाली घेतात किंवा टंक लहान करतात. कवितेच्या पुस्तकातला कोरा कागद आपल्याला कधी दोष वाटला नाही, कारण ती जागा कवितेची आहे हे लहानपणीच कळलं. टीव्हीवरच्या काळ्या पट्ट्यांना मी तसाच समास म्हणतो. कागदाचा समास पांढरा, पडद्याचा काळा.

प्रत्येक पट्टा पवित्र नव्हे

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कधी कधी चित्राच्या चारही बाजूंना काळं दिसतं. मधोमध पोस्टकार्डाएवढा सिनेमा आणि भोवती काळी चौकट. याचा अर्थ असा की आडवा चित्रपट आधी ४:३ च्या चित्रात पट्टे घालून बसवला गेला आणि तुमच्या टीव्हीने त्याला पुन्हा बाजूचे पट्टे लावले. इथे झूम करणं योग्यच आहे. त्यात चित्राचं काही जात नाही.

काही चित्रपट असेही आहेत की ज्यांच्या फिल्मवर थिएटरात दाखवल्यापेक्षा अधिक चित्र असतं. १.८५ साठी वरचा आणि खालचा भाग झाकायचा असं ठरवूनच ते घेतलेले असतात. जुन्या टीव्हीसाठी ते झाकण काढलं की अधिक दिसतं खरं, पण त्यात कधी वर लोंबणारा मायक्रोफोनही दिसतो. अधिक दिसणं म्हणजे बरोबर दिसणं, असं प्रत्येक वेळी नसतं. दिग्दर्शकाने ज्या आकारात प्रेक्षकांसमोर ठेवायचं ठरवलं तो आकार धरावा, एवढा साधा नियम पुरतो.

पट्ट्यांमुळे टीव्ही खराब होतो, अशी एक भीती असते. ती जुन्या प्लाझ्मा टीव्हीच्या काळातली आहे. साध्या एलईडी टीव्हीला तो धोका नाही. ओलेड टीव्हीवर रोज तासन्‌तास एकच आकार ठेवला तर विचार करावा, आठवड्यातून दोन चित्रपट पाहिले म्हणून काही होत नाही.

घरात काय करावं

टीव्हीच्या चित्राच्या आकाराची यादी उघडा आणि 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' असेल तर ते निवडा. सेट-टॉप बॉक्सला स्वतःची वेगळी यादी असते. टीव्ही बरोबर आणि बॉक्स ताणतो आहे, असं बऱ्याच घरांत असतं, म्हणून दोन्ही तपासा. खात्री करायला यंत्र लागत नाही. चित्रात काहीतरी गोल शोधा: घड्याळाची तबकडी, गाडीचं चाक, तिरंग्यावरचं अशोकचक्र. ते गोल दिसलं तर प्रमाण बरोबर. संध्याकाळी दिवा मंद केला की काळे पट्टे भिंतीत मिसळून जातात आणि दहा मिनिटांत विसरायला होतात.

शेवटी सिनेमापेक्षा जवळची गोष्ट. दांडिया बाजारापासून नव्या सोसायट्यांपर्यंत आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात लग्नामुंजीच्या व्हिडिओ कॅसेट आहेत. त्या सगळ्या ४:३ च्या आहेत. फीत जुनी होते, चालवायची यंत्रं मिळेनाशी झाली आहेत, म्हणून लोक त्या आता दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात. तिथे चित्र फुल स्क्रीन करून देण्याची पद्धत आहे आणि आपण ते हौसेने स्वीकारतो. प्रतीत ताणलेलं चित्र आपण पुढेमागे पुन्हा नीट लावू शकतो. पण झूम करून कापलेली प्रत ठेवली आणि मूळ फीत फेकून दिली, तर गेलेला भाग परत मिळवण्याचा मार्ग नाही. त्या कॅसेटमध्ये पणजीचं हलतंबोलतं रूप असतं, बहुधा एकमेव. छायाचित्रं पुष्कळ असतात. पण ती चालते कशी, पदर सावरते कशी, मुंज मुलाला भिक्षावळ घालताना हात कसा पुढे करते, हे तेवढंच. अशा वेळी दुकानदाराला स्पष्ट सांगा: चार-तीन ठेवा, कडा कापू नका, ताणू नका, बाजूचं काळं चालेल. आणि प्रत तपासून होईपर्यंत मूळ कॅसेट टाकू नका.

महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना काही गोष्टी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. भोवतालचं जग दुसऱ्या आकाराचं असताना आपलं जे आहे ते आपल्या आकारात जपायचं, हे इथल्या घरांनी भाषेच्या बाबतीत केलं आहे. गुजरातीत व्यवहार केला, घरी मराठी बोललो, आणि दोन्हींचा मान राखला. भिंतीवरचा टीव्ही सोळा-नऊचा आहे, तो राहू दे. त्यावर प्रभातचा चित्रपट लावाल तेव्हा तो चार-तीनच असू दे, आणि सिनेमास्कोप लावाल तेव्हा तो पूर्ण रुंदीत असू दे. नातवाने विचारलं की हे काळं का दिसतं, तर त्याला सांगा की चित्र इथे संपतं, आणि ते तेवढंच काढलेलं आहे.